सूर आधी पोहोचले

लंडनचं वेस्टमिन्स्टर ॲबी आपल्याला ठाऊक असतं ते राज्याभिषेकांमुळे. या चर्चचा मुलांचा आणि पुरुषांचा एक नामांकित गायकवृंद आहे. २९ जून २०१२ रोजी तो रोमला सेंट पीटर्स बॅसिलिकेत, खुद्द पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या मिस्सात गायला. सोबतीला होता पोपचा सिस्टीन चॅपेलचा वृंद. पाचशेहून अधिक वर्षांत या वृंदाने दुसऱ्या वृंदाबरोबर गाण्याची ती पहिलीच वेळ, असं तेव्हा जाहीर झालं होतं. लंडनहून रोम विमानाने अवघ्या अडीच तासांवर. मग तिथे एकत्र गायला पावणेपाचशे वर्षं का लागावीत?

त्यासाठी थोडं मागे जाऊ. १५३४ मध्ये राजा आठवा हेन्री याने रोमशी नातं तोडलं आणि इंग्लंडच्या चर्चचं प्रमुखपद स्वतःकडे घेतलं. १५४० मध्ये ॲबीतला मठ बंद झाला. १५४९ मध्ये आर्चबिशप क्रॅनमर यांनी लॅटिनच्या जागी इंग्रजी प्रार्थनापुस्तक आणलं. पुढे कॅथलिक राणी मेरी गादीवर आली आणि १५५६ मध्ये त्याच क्रॅनमरना जिवंत जाळण्यात आलं. मग एलिझाबेथ राणी आली. आता कॅथलिक धर्मगुरू फासावर जाऊ लागले.

या धामधुमीत गाणाऱ्यांनी काय करावं? राजदरबारच्या चॅपल रॉयलमधल्या थॉमस टॅलिसने चार राज्यकर्त्यांची चाकरी केली. हुकूम बदलला की तो प्रार्थनेची भाषाही बदलत गेला. त्याचा सहकारी विल्यम बर्ड मनाने कॅथलिकच राहिला. राणीच्या चॅपलसाठी तो इंग्रजी रचना करी आणि लपूनछपून होणाऱ्या मिस्सांसाठी लॅटिन. १५९० च्या दशकात त्याच्या तीन मिस्सा छापल्या गेल्या, त्याही शीर्षकपृष्ठाशिवाय! धर्म दुभंगला, पण दोन्हीकडची गाणी एकाच हाताने लिहिली जात होती.

सप्टेंबर २०१० मध्ये पोप बेनेडिक्ट ॲबीत आले. तिथे पाऊल ठेवणारे ते पहिलेच पोप. रोमचं निमंत्रणही पुढे त्यांचंच आलं. इंग्लिश मुलांचा आवाज हलका, सरळ. इटालियन गायकी खुल्या गळ्याची. जणू दोन घराणी एका बैठकीत बसली. ॲबीच्या वृंदाचे तेव्हाचे प्रमुख जेम्स ओ'डॉनेल स्वतः कॅथलिक होते. बर्डला जे लपवावं लागलं, ते त्यांना लपवावं लागलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

१३ मार्च २०१७ रोजी ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजचा वृंद सेंट पीटर्समध्ये गायला. ती होती अँग्लिकन सायंप्रार्थना, म्हणजे क्रॅनमर यांच्या प्रार्थनापुस्तकातून आलेली. असं तिथे पूर्वी कधीच घडलं नव्हतं.

याचा अर्थ भांडण मिटलं असा नव्हे. कॅथलिक मिस्सात अँग्लिकन माणूस गाऊ शकतो, पण ख्रिस्तप्रसाद त्याला एरवी मिळत नाही. गाण्याने हा नियम बदललेला नाही. त्याने एका छपराखाली उभं राहण्याची सवय मात्र लावली.

२३ ऑक्टोबर २०२५ रोजी सिस्टीन चॅपेलमध्ये पोप लिओ चौदावे आणि राजे चार्ल्स यांनी एकत्र प्रार्थना केली. चार्ल्स हे हेन्रीच्याच चर्चचे प्रमुख. त्या दिवशी सिस्टीनच्या वृंदाबरोबर गायला इंग्लंडहून मुलं आली होती. त्यांतली काही चॅपल रॉयलची होती. टॅलिस आणि बर्ड चाकरीला होते, तेच हे चॅपल रॉयल.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)