बाची ठासणीची बंदूक

आमच्या घरात बंदूक होती हे सांगितलं की नातवंडं माझ्या तोंडाकडे बघत राहतात. सिनेमात असते तशी का, असं विचारतात. तशी नव्हती. एका नळीची, तोंडातून दारू ठासायची, दस्त्यापासून टोकापर्यंत माझ्या तेव्हाच्या उंचीएवढी. एक बार काढला की दुसरा भरेपर्यंत डुक्कर डोंगर चढून जायचं. पण ती घरात आहे हे साऱ्या गावाला ठाऊक होतं, पेणच्या पोलीस ठाण्याला ठाऊक होतं आणि अलिबागच्या कलेक्टर कचेरीलाही ठाऊक होतं. बंदूक गुपचूप ठेवायची वस्तू नव्हती.

हमरापूर म्हटलं की लोकांना गणपती आठवतात. ते खरंच आहे. आमच्या गावात, शेजारच्या जोह्यात, कळव्यात बारा महिने मूर्तींचं काम चालतं. पण मी लहान होतो तेव्हा घरोघर आधी भात होतं, मग बाकीचं. पावसाळ्यात भात, ते निघालं की त्याच ओलीवर वाल. डोंगराच्या अंगाला ज्यांची शेतं, त्यांच्या वाट्याला रानडुकरं. भाताच्या दाण्यात दूध भरलं की नेमकी त्याच रात्री येतात. खातात थोडं आणि लोळून नासवतात जास्त. सकाळी बघावं तर अख्खं शेत कुणीतरी वरवंटा फिरवल्यासारखं निजलेलं. राखणीला माळ्यावर बसायचं, पत्र्याचा डबा बडवायचा, हाळ्या द्यायच्या. डुकरं चार दिवस भितात. पाचव्या दिवशी डबा म्हणजे काय ते त्यांना कळतं.

मग बंदूक हवी. पण बंदूक शेतकऱ्याला मिळायची नाही, असा काळ फार मोठा होता.

इंग्रजांनी १८७८ साली हत्यारांचा कायदा केला. लॉर्ड लिटन तेव्हा व्हाइसरॉय होता. देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचं तोंड बांधणारा कायदाही त्यानं त्याच वर्षी केला. म्हणजे लिहायचं नाही आणि हत्यार धरायचं नाही, दोन्ही एकदमच. पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड झालं. फडके शिरढोणचे. आम्ही एस.टी.नं पनवेलला जातो तेव्हा याच रस्त्यावर शिरढोण लागतं. त्यांच्या माणसांनी मे १८७९ मध्ये पनवेलजवळचं पळस्पं आणि चिखलं लुटलं. या बंडामुळे कायदा आला, असं आमच्याकडे जुनी माणसं सांगायची. पण साल बघितलं तर कायदा आधीचा, बंड नंतरचं. फडक्यांना पकडून एडनला ठेवलं, तिथंच १८८३ मध्ये ते गेले. कायदा मात्र ऐंशी वर्षं राहिला.

त्या ऐंशी वर्षांत आमच्या कुलाबा जिल्ह्यात बंदूक दिसायची ती खोताच्या माडीवर, नाहीतर सरकारी शिपायाच्या खांद्यावर. शेत कसायचं कुळानं, डुकरं यायची कुळाच्या शेतात आणि बंदूक खोताच्या भिंतीवर. सरकारची बंदूक काय करते ते चिरनेरला दिसलं. २५ सप्टेंबर १९३० ला अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला, पोलिसांनी गोळीबार केला आणि आठ माणसं गेली. लाकूडफाट्याच्या हक्कासाठी आलेली माणसं, हातात कोयते आणि कुऱ्हाडी. माझ्या आजोबांच्या पिढीला बंदूक म्हटलं की चिरनेरच आठवायचं. म्हणून बानं बंदूक घ्यायची म्हटल्यावर आजी दोन दिवस जेवली नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला, १९६२ पासून लागू झाला. त्यात एक कलम शेतकऱ्यासाठी आहे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागितली तर परवाना द्यावा, असं त्यात लिहिलंय. ठासणीच्या बंदुकीनं भागत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर काडतुसाचीही देता येते. हे कलम बाला कुणी वाचून दाखवलं नव्हतं. त्याला एवढंच कळलं होतं की आता कुळालाही बंदूक मिळते.

मिळते म्हणजे चालून येत नाही. तलाठ्याचा दाखला, शेताचा सातबारा, फौजदाराची चौकशी, मग अलिबाग. बा पेण, वडखळ, पोयनाड करत अलिबागला किती वेळा गेला ते त्यालाही सांगता येत नव्हतं. मध्ये एका टेबलावर कागद अडकला तो भाताचे दोन मण पोचल्यावर सुटला. जुनं ते सगळं सोनं असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. शेवटी कापडी बांधणीचं परवान्याचं पुस्तक हातात आलं. आत बाचा फोटो. त्यासाठी त्यानं आयुष्यात पहिल्यांदा टोपी काढून केस विंचरले होते.

१९७१ साली मी पाचवीत होतो. बा मला बरोबर घेऊन मुंबईला गेला, कारण दुकानाची पाटी वाचायला कुणीतरी पाहिजे. वाशीच्या खाडीवर तेव्हा पूल नव्हता. पनवेलवरून मुंब्रा, ठाणे असं फिरून जायचं. दुकानात पोचलो तेव्हा दुपार झाली होती.

दुकान म्हणजे भांड्याकुंड्याच्या दुकानासारखं नाही. आत अंधार, तेलाचा वास, भिंतीला साखळीत ओवलेल्या बंदुका. आमच्या पुढे एक चांगल्या कपड्यांतला माणूस होता. त्याला काडतुसं पाहिजे होती. शेठनं त्याचं पुस्तक चष्मा वर करून बघितलं आणि परत केलं. मुदत संपून दोन दिवस झाले होते. तो माणूस चिडला, ओळखी सांगितल्या, जास्त पैसे देतो म्हणाला. शेठ एवढंच म्हणाला, "साहेब, तुमचे पैसे दोन दिवस टिकतील, माझं दुकान नाही टिकणार." तो माणूस पाय आपटत गेला. बा तेव्हाच घाबरला. आपल्यालाही परत पाठवतो की काय!

शेठनं विचारलं, "गाव कुठलं?"

"हमरापूर. पेनच्या बाजूला."

"बंदूक कशाला?"

"डुकरां भाताची नासाडी करतान."

"किती दारू भरतात, ठाऊक आहे?"

बानं हात पुढे केला. शेठनं त्याच्या तळव्यावर कोळशाची भुकटी ओतायला घेतली आणि म्हणाला, बस म्हणा. बानं बस म्हटलं तेव्हा शेठनं अर्ध्याच्यावर भुकटी परत काढली. "एवढी भरलीत तर नळी फुटेल आणि डुक्कर बघत बसेल." मग त्यानं एक पितळेचं छोटं माप दिलं, बंदुकीबरोबरचंच. याच्या वर एक कण नाही. आधी दारू, मग चिंधी, गजानं ठासायचं, मग छर्रे, परत चिंधी. टोपी बसवायची ती सगळ्यात शेवटी, शेतात उभं राहिल्यावर, घरात कधीच नाही. हे त्यानं तीनदा करून दाखवलं, बाकडून दोनदा करून घेतलं आणि एकदा माझ्याकडूनही वदवून घेतलं. आपला पोरगा शिकलेला आहे हे बाला त्या दिवशी पटलं असावं.

मग मोठं रजिस्टर. बाचं नाव, गाव, परवान्याचा नंबर, बंदुकीच्या नळीवरचा नंबर. तोच नंबर परवान्याच्या पुस्तकात, निळ्या शाईनं. दारू किती, टोप्या किती, ते सुद्धा. वर्षाला किती घ्यायच्या आणि एका वेळी जवळ किती ठेवायच्या हे पुस्तकात लिहिलेलंच असतं. बाचा अंगठा आणि माझी सही. माझी सही कायद्यानं लागत नव्हती, शेठनं गमतीनं घेतली.

परत आल्यावर बंदूक ठाण्यात दाखवली. गावात आणली तेव्हा आळीतली पोरं पाठीमागे. आजीनं दरवाज्यात भाकर ओवाळून टाकली.

त्या बंदुकीनं किती डुकरं मारली असं नातू विचारतो. मला आठवतात ती दोन. पुढच्याच वर्षी, १९७२ ला, वन्यजीवांचा कायदा आला आणि परवानगीशिवाय डुक्कर मारणं गुन्हा झाला. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे, हे गावातल्या अर्ध्या लोकांना अजून कळलेलं नाही. बा त्यानंतर वरच बार काढायचा. आवाजानं काम व्हायचं. दसऱ्याला विळा-कोयत्यांबरोबर बंदुकीला हळदकुंकू लागायचं. निवडणूक लागली की ठाण्यात जमा करायची. बा पोत्यात गुंडाळून सायकलला बांधून न्यायचा. तिथं ओसरीवर पंचक्रोशीतले सगळे बंदूकवाले बसलेले असायचे. पावती मिळेपर्यंत भाताचे, लग्नांचे विषय निघायचे. कुणाची बंदूक कशी आहे, कोण म्हातारा झाला, कुणाच्या पोराला दारूचं व्यसन लागलंय, हे सगळं तिथं कळायचं. फौजदारापेक्षा त्या ओसरीला जास्त ठाऊक असायचं. असल्या एका पोराच्या बापाला बाकीच्यांनीच सांगितलं होतं, तुझी बंदूक निवडणुकीनंतर परत नेऊ नकोस. त्यानं नेली नाही.

२०१६ साली हत्यारांचे नवे नियम आले. त्याच सुमारास सगळे परवाने संगणकावर चढवायचं काम चाललं होतं. प्रत्येकाला एक लांबलचक नंबर, तो नसेल तर परवाना गेला. बा तेव्हा चौऱ्यांशीचा. त्याला धरून पेणला नेलं. निळ्या शाईतल्या नंबराच्या खाली नवा नंबर पडला. बा चष्मा सावरत म्हणाला, "ह्यो नंबर बंदुकीचा का माजा?" मी म्हटलं, तुझा. त्याला तो नंबर आवडला नाही.

२०१९ ला बा गेला. तेराव्यानंतर मी बंदूक ठाण्यात जमा केली, पावती घेतली. वारसाला अर्ज करता येतो. मी आज करतो, उद्या करतो म्हणत राहिलो. शेतीही कमी झाली. घरातली दोन पोरं मूर्तीच्या कारखान्यात. माझा पुतण्या फोनवर फोटो पाठवून परदेशातल्या माणसाला गणपती विकतो आणि पैसे आधी घेतो. त्यामुळे ऑनलाइनवर माझा राग नाही, आमची चूल त्यावर पेटते. पण रात्री राखणीला बसायला आता कुणी नाही, आणि डुकरांना हे बरोबर कळतं.

"आजोबा, बंदूक पण फोनवर मिळते," असं नातवानं मला सांगितलं तेव्हा मी हसलो. खरी बंदूक आपल्याकडे अशी घरपोच येत नाही. अर्ज संगणकावर होतो, पण बंदूक घ्यायला परवाना घेऊन परवानेवाल्या दुकानातच जावं लागतं. आपली आपण दुसऱ्या परवानेवाल्याला विकायची तरी आधी लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावं लागतं. मी हसलो, कारण मला एवढंच ठाऊक होतं.

हायवेच्या फाट्यावर एक पोरगा मोटारसायकलवरून लांबट खोका घेऊन आला. त्यानं नाव विचारलं नाही, वय विचारलं नाही, ओटीपी विचारला. आत छऱ्याची एअरगन. साडेचार मिलिमीटरपर्यंतची आणि वीस ज्यूलपर्यंत जोराची एअरगन असेल तर परवाना लागत नाही, हे मला नंतर कळलं. म्हणजे बेकायदा काही नव्हतं. नातू तेरा वर्षांचा, फोन त्याच्या बापाचा. दुसऱ्या दिवशी परसात नारळाच्या करवंटीवर नेम धरला, छर्रा दगडाला लागून उडाला आणि धाकट्या बहिणीच्या भुवईत घुसला. डोळ्याच्या बोटभर वर. पेणच्या डॉक्टरांनी काढला तेव्हा मी बाहेर बाकावर बसलो होतो आणि मला त्या शेठची भुकटी आठवत होती. त्यानं बाच्या तळव्यावरून अर्धी काढून घेतली होती. खोक्यात कागद होता, इंग्रजीत, तो कुणी वाचला नाही.

अशी खोकी कुठून कुठं जातात त्याला हिशेब नाही. औरंगाबादला मे २०१८ मध्ये पोलिसांनी ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि चाकू पकडले होते. तलवारीला आमच्या बंदुकीसारखं रजिस्टर कुठलं? आणलेल्या पोराला तरी खोक्यात काय आहे हे कुठं ठाऊक असतं!

दुकानवाले सगळे देव होते असं नाही. जास्त पैसे घेऊन टोप्या देणारेही होते, आणि दुकान न बघता गावठी बंदूक करून घेणारेही आमच्या डोंगराला होते. पण बाला बंदूक मिळाली तेव्हा सात माणसांनी त्याचं तोंड बघितलं होतं. नातवाचं तोंड कुणी बघितलं नाही, मी सुद्धा नाही, मी वालाच्या शेंगा सोलत होतो.

पोरीच्या भुवईवर आता बारीक खूण राहिली आहे. एअरगन मी माळ्यावर ठेवली होती, नंतर तिची नळी चेमटवून भंगारवाल्याला दिली. नातू आठ दिवस बोलला नाही.

त्यानंतर मी ठाण्यात गेलो. मुद्देमालाच्या खोलीतून त्यांनी बाची बंदूक काढून दाखवली. दस्त्याला वाळवी लागलेली, नळीवर गंज, पण नंबर वाचता येत होता. मी पुस्तकातल्या निळ्या शाईशी ताडून बघितला. शिपाई म्हणाला, "काका, आता हिचं काय करणार? सरकारजमा होऊ द्या." होऊ द्यावी असं मलाही वाटलं होतं. डुकरासाठी बंदूक लागतेच असंही नाही, २०१५ पासून नुकसान करणाऱ्या डुकरासाठी वनखात्याकडे परवानगी मागता येते, आणि सौर कुंपणही मिळतं. तरी मी पेणला त्या संगणकाच्या दुकानात जाऊन अर्ज भरला. कारण विचारलं तिथं पीक संरक्षण. सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला पाहिजे म्हणाले. या वयात मी तेही शिकून येईन. येताना नातवाला बरोबर नेणार आहे. पितळेचं माप घरात आहे, ते त्याला दाखवलंय.

गेल्या आठवड्यात चौकशीला तलाठी आले. खरंच डुकरं येतात का, असं त्यांनी विचारलं. मी त्यांना डोंगराकडच्या तुकड्यात नेलं आणि रात्री उकरलेला वाल दाखवला. त्यांनी फोन काढून त्याचा फोटो घेतला.