बाल सुरक्षा आसन

बाल सुरक्षा आसन हे मोटारीतून प्रवास करणाऱ्या अर्भकांचे व लहान मुलांचे अपघाताच्या आघातापासून रक्षण करण्यासाठी बनविलेले स्वतंत्र आसन होय. व्यवहारात ते 'कार सीट' किंवा 'बेबी सीट' या नावांनी ओळखले जाते. हे आसन मोटारीच्या मागील बैठकीवर सीट बेल्टने अथवा धातूच्या आकड्यांनी घट्ट बसवितात आणि मुलाला त्यातील पट्ट्यांनी बांधतात. मोटारीचा मूळ सीट बेल्ट प्रौढ व्यक्तीच्या मापाचा असतो. लहान मुलाच्या बाबतीत तो मानेवर व पोटावर येतो आणि अपघाताच्या वेळी त्यापासूनच इजा होऊ शकते. ही उणीव भरून काढणे हा बाल सुरक्षा आसनाचा मूळ उद्देश आहे.

हे आसन प्रवासासाठी असते. ते पाळण्याला किंवा अंथरुणाला पर्याय नाही. प्रवासात मूल आसनात झोपी जाणे स्वाभाविक असले, तरी मोटारीबाहेर त्याच आसनात अर्भकाला झोपू देणे धोकादायक मानले जाते.

बालकाची शरीररचना व आसनाची गरज

नवजात अर्भकाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते. प्रौढ माणसात हे प्रमाण एक सप्तमांश ते एक अष्टमांश इतके असते. डोके जड, मानेचे स्नायू दुबळे आणि मणक्यांची हाडे अद्याप पूर्ण न जुळलेली, अशी अर्भकाची स्थिती असते. मोटार समोरून आदळली की शरीर पुढे फेकले जाते. अशा वेळी पुढे तोंड करून बसलेल्या अर्भकाचे धड पट्ट्यांमुळे जागीच राहते, परंतु डोक्याला झटका बसून सर्व ताण मानेवर येतो. मूल मागे तोंड करून बसलेले असल्यास डोके, मान व पाठ यांना आसनाच्या पाठीचा एकसंध आधार मिळतो आणि आघात मोठ्या पृष्ठभागावर विभागला जातो.

मूल मांडीवर घट्ट धरले म्हणजे ते सुरक्षित राहते, ही समजूत चुकीची आहे. ताशी ५० किमी वेगाने जाणारी मोटार आदळून एक दशांश सेकंदात थांबली, तर १० किलो वजनाच्या मुलाला जागीच रोखण्यासाठी सुमारे १४० किलो वजन पेलण्याइतके बल लागते. हे बल कोणत्याही माणसाच्या हातात नसते. मांडीवर घेणाऱ्या व्यक्तीने स्वतः सीट बेल्ट लावलेला नसेल, तर तिच्या शरीराचा भारही मुलावर येतो. मूल व प्रौढ यांना एकाच सीट बेल्टने बांधल्यास मूल प्रौढाचे शरीर व पट्टा यांच्यामध्ये चिरडले जाण्याची भीती असते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या अनुमानानुसार, मोटारगाड्यांच्या अपघातांत योग्य आसनामुळे एक वर्षाखालील अर्भकांच्या मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी, तर १ ते ४ वर्षे वयाच्या मुलांच्या मृत्यूचा धोका ५४ टक्क्यांनी कमी होतो.

इतिहास

१९३० च्या दशकात मुलांसाठी मोटारीत बसविण्याच्या खुर्च्या मिळू लागल्या. मूल जागेवर बसून राहावे, त्याला खिडकीबाहेरचे दिसावे आणि आईवडिलांना ते नजरेसमोर असावे, एवढाच त्यांचा हेतू होता. अपघातापासून संरक्षणाचा विचार त्यांत नव्हता.

सुरक्षिततेच्या दृष्टीने आखलेली आसने १९६० च्या दशकात पुढे आली. १९६२ च्या सुमारास ब्रिटनमध्ये जीन एम्स यांनी मागे तोंड असलेले, तर अमेरिकेत लेनर्ड रिव्हकिन यांनी धातूच्या सांगाड्याचे, पुढे तोंड असलेले आसन तयार केले. स्वीडनमधील बर्टिल आल्डमन यांनी अंतराळवीरांच्या आसनांवरून प्रेरणा घेतली. यान झेप घेत असताना येणारा प्रचंड दाब अंतराळवीराच्या संपूर्ण पाठीवर विभागला जातो. तेच तत्त्व त्यांनी बालकांसाठी योजिले. त्यांच्या आसनाच्या नमुन्याची चाचणी १९६४ मध्ये व्होल्वो मोटारीत झाली. मूल शक्य तितकी वर्षे, साधारणतः चौथ्या वर्षापर्यंत, मागे तोंड करून बसविण्याची स्वीडनमधील पद्धत या संशोधनातून रुजली.

मुलांसाठी आसन सक्तीचे करणारे अमेरिकेतील पहिले राज्य टेनेसी होय. बालरोगतज्ज्ञ रॉबर्ट सँडर्स यांच्या प्रयत्नांमुळे तेथे १९७७ मध्ये कायदा संमत झाला व १ जानेवारी १९७८ पासून तो लागू झाला. मात्र त्यात मूल मांडीवर घेऊन बसण्याची सवलत ठेवण्यात आली होती. ही सवलत कायद्याच्या हेतूलाच बाधक असल्याचे ध्यानात आल्यावर १९८१ मध्ये ती काढून टाकण्यात आली. १९८५ पर्यंत अमेरिकेच्या सर्व राज्यांत असे कायदे झाले.

प्रकार

मुलाचे वजन, उंची व वय यांनुसार आसनांचे पुढील प्रकार केले जातात.

अर्भक आसन : जन्मापासून वापरता येणारे, मागे तोंड असलेले व साधारणपणे कडी असलेले हे आसन मोटारीतून उचलून बाहेर नेता येते. हीच सोय पुढे वर्णिलेल्या धोक्याचे कारण ठरते.

परिवर्तनीय आसन : हे आरंभी मागे तोंड करून व मूल मोठे झाल्यावर पुढे तोंड करून बसविता येते. ते मोटारीतच कायम राहते.

पुढे तोंड असलेले आसन : मागे तोंड असलेल्या आसनाची वजन-उंचीची मर्यादा ओलांडलेल्या मुलांसाठी हे वापरतात.

उंची वाढविणारे आसन : 'बूस्टर' या नावाने परिचित असलेल्या या आसनाला स्वतःचे पट्टे नसतात. मोटारीचा सीट बेल्ट मुलाच्या खांद्यावरून, छातीच्या मध्यावरून व मांड्यांच्या वरच्या भागावरून जावा, एवढ्या उंचीवर ते मुलाला बसविते.

एका प्रकारातून पुढच्या प्रकाराकडे जाताना दर वेळी संरक्षण काहीसे कमी होते. त्यामुळे आधीच्या आसनाची मर्यादा पूर्ण होईपर्यंत घाई न करण्याचा सल्ला तज्ज्ञ देतात. मुलाचे पाय समोरच्या पाठीला टेकू लागले म्हणजे आसन लहान झाले, असे नाही. मुले पाय दुमडून आरामात बसू शकतात.

बसविण्याची पद्धत

आसन उत्तम असूनही ते चुकीच्या रीतीने बसविल्यास त्याचा उपयोग घटतो. उत्पादकाची पुस्तिका व मोटारीची पुस्तिका या दोन्हींतील सूचना पाळणे आवश्यक असते. सर्वसाधारण नियम असे आहेत :

- आसन मागील बैठकीवर बसवावे. ज्या जागेसमोर एअरबॅग चालू आहे, तेथे मागे तोंड असलेले आसन कधीही ठेवू नये. फुगणारी एअरबॅग आसनाच्या पाठीवर, म्हणजे अर्भकाच्या डोक्यामागेच, जोराने आदळते.
- बसविलेले आसन पट्टा जातो त्या ठिकाणी धरून हलविल्यास ते सुमारे अडीच सेंटिमीटरपेक्षा अधिक सरकता कामा नये. आयसोफिक्स पद्धतीत आसनाचे आकडे मोटारीतील लोखंडी कड्यांत अडकविले जात असल्याने चुकीची शक्यता कमी होते.
- मागे तोंड असलेल्या आसनात खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून, तर पुढे तोंड असलेल्या आसनात खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित वरून यावेत.
- बांधलेला पट्टा खांद्याजवळ चिमटीत पकडता येऊ नये. चिमटीत आल्यास तो सैल आहे, असे समजावे.
- जाड स्वेटर, दुपटे किंवा शाल पट्ट्याखाली ठेवू नये. आघाताच्या वेळी कापड दबते व पट्टा सैल पडतो. मुलाला आधी बांधून मग वरून पांघरूण घालावे.
- अपघातात सापडलेले, मुदत संपलेले किंवा पूर्वेतिहास ठाऊक नसलेले जुने आसन वापरू नये.

आसनातील झोप

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दिवसभरात ० ते ३ महिन्यांच्या बाळाला १४ ते १७ तास, ४ ते ११ महिन्यांच्या बाळाला १२ ते १६ तास आणि १ ते २ वर्षांच्या मुलाला ११ ते १४ तास झोप आवश्यक असते. एवढा काळ झोपणारे मूल प्रवासातही झोपणारच. मोटारीची लय व एकसुरी आवाज यांमुळे रडणारे बाळ शांत होते, हा पालकांचा सार्वत्रिक अनुभव आहे.

धोका उद्भवतो तो बसलेल्या स्थितीतील दीर्घ झोपेमुळे. जड डोके व दुबळी मान यांमुळे झोपलेल्या अर्भकाची हनुवटी छातीवर टेकते. अर्भकाचा श्वसनमार्ग अरुंद व मऊ असल्याने तो दुमडला जाऊन श्वास कोंडू शकतो, आणि बाळाला स्वतःहून मान सावरता येत नाही. ही घटना निःशब्द असते. बाळ रडत नाही की तडफडत नाही. मोटारीत आसन ठरावीक कोनात मागे कललेले असते व त्यामुळे मान पुढे झुकण्यास काहीसा आळा बसतो. तेच आसन घरी जमिनीवर, पलंगावर किंवा सोफ्यावर ठेवले की हा कोन बदलतो. शिवाय झोपेत अडथळा नको म्हणून पट्टे सैल केले असल्यास बाळ खाली घसरते व पट्टा गळ्याशी येतो.

अमेरिकेतील २००४ ते २०१४ या काळातील, झोपेशी संबंधित ११,७७९ अर्भकमृत्यूंचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ३४८ मृत्यू, म्हणजे सुमारे ३ टक्के, बसण्याच्या साधनांत झाले होते आणि या ३४८ पैकी ६२.९ टक्के मोटारीच्या आसनांत घडले होते. तथापि त्यांतील १० टक्क्यांहून कमी घटनांत आसनाचा वापर सूचनांप्रमाणे झालेला होता, आणि निम्म्याहून अधिक मृत्यू बाळाच्या स्वतःच्या घरी झाले होते. यावरून दोष प्रवासातील वापराचा नसून आसनाचा अंथरूण म्हणून वापर करण्याचा आहे, हे स्पष्ट होते. झोपेच्या भीतीने प्रवासात आसन टाळणे हा अधिक मोठा धोका ठरतो.

अमेरिकन बालरोगतज्ज्ञ अकादमीच्या शिफारशीनुसार अर्भकाची नेहमीची झोप सपाट व टणक पृष्ठभागावर, पाठीवर निजवून, उशी व सैल पांघरुणांशिवाय असावी. बाळ आसनात झोपी गेले असल्यास मुक्कामी पोहोचताच त्याला उचलून सपाट अंथरुणावर ठेवावे. झोपमोड होईल म्हणून तसेच राहू देऊ नये. लांबच्या प्रवासात साधारण दर दोन तासांनी थांबून बाळाला आसनाबाहेर काढण्याचा सल्ला दिला जातो. अगदी नवजात बाळासाठी ही मर्यादा याहून कमी ठेवतात. शक्य असेल तेव्हा एक प्रौढ व्यक्ती बाळाशेजारी मागे बसणे हितावह असते. ३७ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळाला रुग्णालयातून घरी पाठविण्यापूर्वी आसनात बसवून त्याचा श्वास, हृदयाचे ठोके व रक्तातील प्राणवायू तपासण्याची पद्धत काही देशांत आहे.

आसनासोबत न आलेल्या, वेगळ्या विकत घेतलेल्या मानेच्या उश्या व गाद्या आसनात घालू नयेत. त्यांमुळे डोके पुढे ढकलले जाण्याची व पट्टे सैल राहण्याची शक्यता असते.

झोपलेल्या मुलाला उठवायला नको म्हणून बंद मोटारीत ठेवून जाणे हेही प्राणघातक ठरू शकते. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीतील तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे १० अंश सेल्सियसने वाढू शकते, आणि मुलाचे शरीर प्रौढापेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापते. खिडकी किंचित उघडी ठेवल्याने यात फारसा फरक पडत नाही.

कायदे व मानके

युरोपीय संघात १३५ सेंमीपेक्षा कमी उंचीच्या मुलांसाठी आसन सक्तीचे असून सदस्य देशांना ही मर्यादा १५० सेंमीपर्यंत ठेवता येते. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा १२९ क्रमांकाचा नियम २०१३ मध्ये अंमलात आला. त्यानुसार मूल किमान १५ महिन्यांचे होईपर्यंत मागे तोंड करूनच बसविणे आवश्यक आहे.

भारतात बाल सुरक्षा आसनांसाठी एआयएस-०७२ हे मानक आहे. मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ ने मूळ कायद्यात कलम १९४ ब समाविष्ट केले. त्यानुसार १४ वर्षांखालील मुलाला सीट बेल्ट किंवा बाल सुरक्षा आसनाने न बांधता मोटार चालविणाऱ्यास अथवा चालवू देणाऱ्यास १,००० रुपये दंड होऊ शकतो. दुचाकीवरील ९ महिने ते ४ वर्षे वयाच्या मुलांसाठी सुरक्षा पट्टा, शिरस्त्राण व ताशी ४० किमीची वेगमर्यादा सक्तीची करणारा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला. २०२३ मध्ये सुरू झालेल्या भारत एनकॅप या मूल्यांकन कार्यक्रमात मोटारींना बालप्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र तारांकन दिले जाते.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रात पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाण्याची प्रथा आहे. बाळ दोन-तीन महिन्यांचे झाले की आई त्याला घेऊन सासरी परतते. त्यामुळे पुष्कळ अर्भकांचा पहिला लांबचा प्रवास मानही न धरण्याच्या वयात होतो, आणि तो बहुधा आईच्या किंवा आजीच्या मांडीवर घडतो. पुणे ते कोल्हापूर हे सुमारे २३० किमी अंतर धरले, तर वर दिलेल्या दोन तासांच्या मर्यादेनुसार वाटेत दोनदा तरी थांबून बाळाला आसनाबाहेर घ्यावे लागते. दूध पाजणे, दुपटे बदलणे या गोष्टीही त्याच वेळी करता येतात. चालत्या मोटारीत पाजण्यासाठी बाळाला आसनातून काढणे मात्र टाळावे लागते.

बाळंतविड्यात अंगडी-टोपडी, दुपटी व पाळण्याचे साहित्य देण्याची रीत जुनी आहे. अलीकडे शहरी कुटुंबांत भेट म्हणून मोटारीचे आसनही दिले जाते. घरी पाळणा आणि मोटारीत आसन, अशी दोहोंची कामे वेगळी ठेवली, तर दोन्ही आपापल्या जागी उपयुक्त ठरतात. रिक्षात सीट बेल्ट नसल्याने तेथे असे आसन सुरक्षितपणे बसविता येत नाही.

हेही पहा

- सीट बेल्ट
- एअरबॅग
- रस्ता सुरक्षा
- पाळणा