लारी

लारी : उत्तर मध्ययुगात इराणचे आखात, कोकण किनारा, मालदीव आणि श्रीलंका या सागरी पट्ट्यात चाललेले चांदीचे नाणे. दक्षिण इराणमधील लार या व्यापारी शहरावरून हे नाव पडले.

हे नाणे गोल नाही. चांदीची जाड तार बोटभर लांबीची कापून मधोमध दुमडायची आणि ठशांखाली चेपायची, अशी ती पाडत. त्यामुळे नाणे केसांत खोवायच्या आकड्यासारखे दिसते. वजन साधारण पावणेपाच ग्रॅम. ठसा तारेपेक्षा रुंद असल्याने मजकुराचा जेमतेम तुकडा उमटतो. एका नाण्यावरून पूर्ण लेख क्वचितच लागतो. अनेक नाणी शेजारी ठेवून तो जुळवावा लागतो. लारीचा खरा आधार मात्र अक्षरांत नव्हता, चांदीच्या कसात होता. सराफ छिन्नीचा घाव घालून आतली चांदी पाहत आणि तसे घाव पुष्कळ नाण्यांवर आजही दिसतात.

होर्मुझ आणि बसरा येथेही लारी पाडल्या जात. दख्खनेत चांदीच्या खाणी नव्हत्या, अरबी घोड्यांची निपजही नव्हती. चांदी आणि घोडे मुख्यतः आखातातून येत. दाभोळ, चौल ही बंदरे या व्यापारावर वाढली आणि लारी इथल्या बाजारात मुरली. गोव्यातील पोर्तुगिजांच्या हिशेबांतही ती आढळते. विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशाहाने (कार. १६५६–७२) स्वतःच्या नावाच्या लारी पाडल्या, त्यांवर हिजरी सन आहे. घाटावरच्या सुलतानाने किनाऱ्यावरचे परके रूप जसेच्या तसे उचलले, यावरून व्यापाऱ्यांची पसंती राजशिक्क्याच्या परंपरेपेक्षा वजनदार ठरली होती हे स्पष्ट होते. शिवकालीन कोकणाच्या अर्थव्यवहाराचा विचार होन आणि शिवराई या नाण्यांपाशी थांबवणे म्हणूनच अपुरे आहे.

श्रीलंकेत लारीचे टोक गळासारखे वाकवत आणि तिच्यावर बहुधा अरबी अक्षरांची नुसती नक्कल असे. मालदीवमध्ये रुफियाचा शंभरावा भाग आजही लारी म्हणून ओळखला जातो.

रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर परिसरात एकोणिसाव्या शतकात लारींचा साठा सापडला होता. जमिनीतून निघालेली अशी वाकडी तार नाण्यासारखी दिसत नाही, म्हणून ती मुशीत जाण्याचा धोका मोठा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार असा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. कोकणात कुणाला तो सापडल्यास वितळवू नये, कळवावा.