विहार : एक शब्द, अनेक अर्थ



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आपल्या विहाराच्या अभ्यासिकेत बसलेल्या सहावीतल्या एका मुलीने मला विचारले, "काका, पुस्तकात राजा नौकाविहाराला गेला असं लिहिलंय. मग नावेतसुद्धा विहार असतो का?" बाकीची पोरं हसली. मलाही हसू आले, पण उत्तर द्यायला गेलो आणि अडखळलो. ज्या शब्दाची पाटी आपण इतकी वर्षे दारावर लावून ठेवली आहे, त्याचा अर्थ मला नीट सांगता येईना. त्याच महिन्यात समितीच्या बैठकीत वाद झाला होता. एक जण म्हणाले, "विहार हे वंदनेचं ठिकाण आहे, शाळा नव्हे. अभ्यासिका बंद करा, खोली समारंभांना भाड्याने द्या." तेव्हाही मी गप्प बसलो होतो. या दोघांना द्यायचे उत्तर शोधण्यासाठीच हा लेख.

'विहार' शब्दाच्या मुळाशी 'हृ' हा धातू आहे. त्याचा अर्थ नेणे. आहार, प्रहार, संहार, उपहार हे सगळे त्याचेच भाऊबंद. मागे 'वि' लागला की हिंडणे, फिरणे, वेळ घालवणे असा अर्थ होतो. म्हणून नौकाविहार, जलविहार, वनविहार. वैद्य 'आहार-विहार सांभाळा' म्हणतात, तेव्हा त्यांना आपले रोजचे वागणे अभिप्रेत असते. जैन मुनी चातुर्मास संपला की पायी एका गावाहून दुसऱ्या गावी निघतात, त्यालाही विहारच म्हणतात. आता गंमत बघा. त्यांच्याकडे विहार म्हणजे मुक्काम सोडून चालू लागणे आणि आपल्याकडे विहार म्हणजे मुक्कामाची जागा!

हा उलटा प्रवास कसा झाला? पाली भाषेत 'विहरति' म्हणजे राहतो, काळ व्यतीत करतो. भगवान बुद्ध अमुक नगरीत विहरत होते, अशा अर्थाने अनेक सुत्तांची सुरुवात होते. सुरुवातीला भिक्खूंना घर नव्हते. झाडाखाली, डोंगराच्या कपारीत, रानात ते राहात. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात कथा आहे की, राजगृहाच्या एका श्रेष्ठीने पहाटे रानातून शांतपणे येणारे भिक्खू पाहिले आणि विचारले, "मी निवारे बांधून दिले तर तुम्ही राहाल का?" भगवंतांनी पाच प्रकारच्या निवाऱ्यांना अनुज्ञा दिली. त्यांत पहिला विहार. श्रेष्ठीने एका दिवसात साठ विहार उभे केले, असे ती कथा सांगते. म्हणजे ते महाल नव्हते. साध्या झोपड्या असणार. ते अर्पण करताना त्याने कुणा एका भिक्खूच्या नावाने दिले नाहीत. चारी दिशांच्या, आलेल्या आणि अजून न आलेल्याही संघाला दिले. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

धम्मात हाच शब्द मनासाठीही वापरला आहे. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा यांना ब्रह्मविहार म्हणतात. मनाने राहावे अशी ही चार घरे. त्यांना ना वीट लागते, ना सिमेंट.

आता आपल्या महाराष्ट्रात या. सह्याद्रीत भाजे, कार्ले, जुन्नर, नाशिक, कान्हेरी, अजिंठा येथे लेणी कोरली गेली. पुरातत्त्वाच्या पुस्तकात त्यांचे दोन मुख्य प्रकार असतात. स्तूप असलेले वंदनेचे सभागृह ते चैत्यगृह आणि भिक्खूंच्या निवासाचा तो विहार. अजिंठ्याच्या तीस लेण्यांपैकी ९, १०, १९, २६ आणि २९ ही चैत्यगृहे, बाकीचे बहुतेक विहार. जुन्या विहारात मधोमध मंडप, तीन बाजूंना खोल्या आणि खोल्यांत दगडी ओटे असतात. वंदना चैत्यगृहात, राहणे आणि शिकणे विहारात. पुढे पाचव्या शतकात अजिंठ्याच्या विहारांतच मागच्या भिंतीत गाभारा कोरून बुद्धमूर्ती स्थापन झाली आणि राहण्याची जागा वंदनेचीही झाली. म्हणजे विहारात वंदना नंतर आली, राहणे-शिकणे आधीपासून होते.

ही लेणी कोणी दिली? राजेराण्यांनी दिली, तशी कष्टकऱ्यांनीही दिली. नाशिकच्या एका लेण्यावर मुगुदास नावाच्या कोळ्याचे नाव आहे. कार्ल्याला सामी नावाच्या सुताराचे आहे. आणि अनेक लेखांत तोच शब्द आढळतो, 'चातुदिस', म्हणजे चारी दिशांच्या संघासाठी.

विहारात माणसे राहू लागली, तसे शिक्षण वाढले. नालंदा हे महाविहारच होते. तिथे सापडलेल्या मुद्रांवर तेच नाव आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस बख्तियार खिलजीने मगधातल्या एका तटबंदीच्या ठिकाणावर हल्ला केला. फारसी इतिहासकार मिनहाज याने तेराव्या शतकात लिहून ठेवले आहे की, आत मुंडण केलेली माणसे आणि पुष्कळ ग्रंथ सापडले. ज्याला किल्ला समजलो ते विद्यालय होते आणि तिकडच्या भाषेत विद्यालयाला 'बिहार' म्हणतात, हे हल्लेखोरांना नंतर कळले. अर्थ समजला, पण ग्रंथ वाचून दाखवायला कोणी जिवंत उरले नव्हते. शब्द मात्र उरला. तो आधी गावाला चिकटला, ते आजचे बिहारशरीफ. मग सुभ्याला आणि १९१२ साली बंगालपासून वेगळ्या झालेल्या प्रांतालाही.

देशाबाहेरही हा शब्द गेला. काठमांडूच्या खोऱ्यात विहाराचे 'बहाल' झाले. थायलंडात बुद्धमूर्तीच्या सभागृहाला 'विहान' म्हणतात. अफगाणिस्तानात बल्ख येथे 'नवविहार' होता, त्याचे 'नौबहार' झाले. त्या विहाराच्या प्रमुखांचे घराणे पुढे बगदादच्या खलिफांचे वजीर झाले. तेच बर्मकी घराणे.

आपल्याकडे हा शब्द पुन्हा वस्तीत आला तो विसाव्या शतकात. १९३० च्या दशकात धर्मानंद कोसंबींनी परळला बहुजन विहार उभारला. २५ डिसेंबर १९५४ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी देहूरोड येथे बुद्धमूर्तीची स्थापना केली. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर तर चाळीचाळीत, गावकुसाबाहेर, पत्र्याच्या शेडमध्ये विहार उभे राहिले. आपल्या आयाबायांनी पदराच्या गाठीतले पैसे दिले. त्यांची नावे संगमरवरावर नाहीत, वहीत आहेत. पण मुगुदास कोळ्याच्या पंगतीत त्यांना मानाने बसवता येईल.

आता त्या दोन प्रश्नांकडे येतो. मुलीला मी सांगितले, "बाळ, राजा नावेत फिरला म्हणून तो नौकाविहार. भिक्खू जिथे राहिले, शिकले, तो आपला विहार." समितीतल्या बंधूंना नम्रपणे सांगतो की, विहार वंदनेचे ठिकाण आहेच, पण नुसते तेवढेच नाही. हल्लेखोराला जो अर्थ समजला, तो आपणच विसरलो तर काय म्हणावे? आणि विहार या गल्लीचा की त्या गल्लीचा, या गटाचा की त्या गटाचा, किल्ली कुणाकडे, या भांडणाला चुल्लवग्गातले उत्तर पुरेसे आहे. तो चारी दिशांचा आहे. आलेल्यांचा आहे आणि अजून न आलेल्यांचाही. आपली पुढची पिढी म्हणजे तेच न आलेले.

तेव्हा अभ्यासिकेचा दिवा रात्री दहापर्यंत जळू द्या. बिलाची वर्गणी मी या महिन्यापासून सुरू केली आहे. आपणही करा.

नमो बुद्धाय! जयभीम!