किर्गिझस्तान–ताजिकिस्तान सीमावाद : पाण्यावरून पेटला, करारावर थांबला

किर्गिझस्तान आणि ताजिकिस्तान हे मध्य आशियातले शेजारी. दोन्हीकडे बहुसंख्य मुस्लिमच. तरीही त्यांच्यातली सुमारे ९७० किलोमीटरची सरहद्द कित्येक वर्षं धुमसत होती.

मूळ सोव्हिएत काळातलं. तेव्हा ही रेघ एकाच देशाच्या आतली होती आणि नकाशे वेळोवेळी बदलत गेले. १९९१ मध्ये दोघे स्वतंत्र झाले. मग ताजिकिस्तानने १९२० च्या दशकातले नकाशे पुढे केले, किर्गिझस्तानने १९५० च्या दशकातले. वोरुख हा ताजिक भाग तर चारही बाजूंनी किर्गिझ हद्दीने वेढलेला.

गावकऱ्यांचं भांडण मात्र पाणी, कुरणं आणि रस्त्यांचं. एप्रिल २०२१ मध्ये, ऐन रमजानमध्ये, इस्फारा नदीच्या पाणीवाटप केंद्रापाशी कॅमेरे बसवण्यावरून दगडफेक झाली, मग सैनिकांत गोळीबार. दोन्हीकडचे मिळून ५० हून जास्त लोक गेले. सप्टेंबर २०२२ च्या चकमकीत तर बळींचा आकडा शंभरापुढे गेला. किर्गिझ बाजूच्या एक लाखाहून अधिक लोकांना घरदार सोडावं लागलं.

पुढे मात्र बैठकांवर बैठका झाल्या. १३ मार्च २०२५ रोजी, पुन्हा रमजानमध्येच, राष्ट्राध्यक्ष सादिर जापारोव आणि इमोमाली रहमोन यांनी बिश्केकमध्ये सीमा करारावर सह्या केल्या. काही जमिनींची अदलाबदल ठरली, रस्ते व पाण्याच्या वापराचे नियम ठरले. २०२१ पासून बंद असलेली नाकीही उघडू लागली. दोघांनाही थोडी जमीन सोडावी लागली, तेव्हा कुठे सरहद्द शांत झाली.