बेस्पोक सूट

बेस्पोक सूट म्हणजे एका विशिष्ट व्यक्तीच्या शरीराची मापे घेऊन, केवळ तिच्यासाठी स्वतंत्र कागदी आराखडा आखून आणि शिवणकाम चालू असताना वेळोवेळी अंगावर घालून पाहून शिवलेला सूट होय. कोट आणि पँट हे त्याचे मुख्य भाग असून वेस्टकोट जोडल्यास त्यास 'थ्री-पीस' म्हणतात. सूट अंगास नीट बसणे हे केवळ अचूक मापांवर अवलंबून नसते. शिंप्याचे निरीक्षण, ट्रायलच्या वेळी केलेल्या दुरुस्त्या आणि शिवणीत राखलेली माया या तिन्हींचा त्यात वाटा असतो. त्यामुळे नव्या शिंप्याकडून शिवून घेतलेला पहिला सूट सर्वाधिक कसोटीचा ठरतो.

संज्ञा

'बेस्पोक' हा शब्द आगाऊ सांगून ठेवणे, मागणी नोंदवणे या अर्थाच्या 'बिस्पीक' या इंग्रजी क्रियापदावरून आला आहे. मापांनुसार कपडे शिवण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. 'मेड-टू-मेजर' पद्धतीत आधीच तयार असलेल्या प्रमाणित आराखड्यात ग्राहकाच्या मापांप्रमाणे बदल केले जातात. बेस्पोक पद्धतीत आराखडा मुळापासून आखला जातो व कापड त्यावरून हाताने बेतले जाते. तथापि ब्रिटनच्या जाहिरात मानक प्राधिकरणाने २००८ मध्ये यंत्रावर कापलेल्या सूटसाठीही जाहिरातीत 'बेस्पोक' शब्द वापरण्यास मुभा दिली. त्यामुळे केवळ या शब्दावरून कामाची पद्धत निश्चित कळत नाही.

इतिहास

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने १६६६ मध्ये दरबारात लांब वेस्टकोटचा पेहराव रूढ केला. सूटच्या इतिहासाचा आरंभ सामान्यतः तेथून मानला जातो. ब्यू ब्रमेल (१७७८–१८४०) याने भरजरी पोशाखाऐवजी गडद रंगाच्या, अंगाबरोबर बेतलेल्या कोटाला प्रतिष्ठा मिळवून दिली. आजच्या सूटचा पूर्वज असलेला आखूड 'लाउंज सूट' एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचारात आला.

लंडनच्या मेफेअर भागातील सॅव्हिल रो हा रस्ता या व्यवसायाचे केंद्र मानला जातो. तेथील हेन्री पूल अँड कंपनी या पेढीची स्थापना १८०६ मधील आहे. विसाव्या शतकात इटलीतील नेपल्स येथील शिंप्यांनी खांद्यातील भरणा व अस्तर कमी करून हलका कोट विकसित केला. उष्ण हवामानात हा प्रकार सोयीचा ठरतो.

महाराष्ट्रात इंग्रजी अमलात सुशिक्षित पुरुष धोतर व पगडीबरोबर कोट वापरू लागले. पूर्ण सूटचा प्रसार त्यानंतर झाला. ठाणे येथे १९२५ मध्ये सुरू झालेल्या रेमंड वूलन मिलमध्ये पुढे सूटचे कापड तयार होऊ लागले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची प्रतिमा सूटशी कायमची जोडली गेली असून त्यांचे बहुसंख्य पुतळे याच वेषात आढळतात. आज लग्नाचा स्वागत समारंभ हा सूट शिवण्याचा सर्वांत सामान्य प्रसंग होय.

शिंप्याची निवड

दुकानात टांगलेल्या नमुन्यापेक्षा ग्राहकाच्या अंगावर असलेला, त्याच शिंप्याने शिवलेला कोट अधिक विश्वासार्ह पुरावा असतो. कोटाच्या पुढील भागात आकार धरण्यासाठी जो थर घालतात, त्याची चौकशी करणे आवश्यक आहे. उत्तम कोटात लोकर व घोड्याच्या केसांचे कॅनव्हास टाक्यांनी बसवलेले असते. स्वस्त कोटात बकरम उष्णतेने चिकटवतात. चिकटवण्याचे काम सदोष असल्यास ड्रायक्लीनिंगनंतर कापडावर फुगे येतात.

कापड बेतण्यापूर्वी ट्रायलची संख्या, सूट देण्याची तारीख, शिलाई आणि उरलेले कापड परत मिळण्याविषयीचे बोलणे पावतीवर लिहून घेतले जाते. समारंभासाठी सूट हवा असल्यास शेवटची ट्रायल व समारंभ यांत किमान आठवडाभराचे अंतर ठेवणे हिताचे असते. सूटचे कापड महाग असते आणि एकदा कात्री चालल्यावर ते पूर्ववत होत नाही. म्हणून काही ग्राहक नव्या शिंप्याकडे प्रथम एखादी पँट शिवून पाहतात.

कापड

दुहेरी म्हणजे सुमारे १५० सेंटिमीटर पन्ह्याचे साधारण ३ ते ३.५ मीटर कापड टू-पीस सूटला लागते. मोठ्या चौकटीचे कापड असल्यास चौकटी जुळवण्यासाठी ते अधिक लागते. लोकरी कापडावरील 'सुपर १००' सारखे आकडे तंतूचा बारीकपणा दर्शवतात. आकडा जितका मोठा, तितका तंतू बारीक व स्पर्श मऊ. परंतु असे कापड लवकर झिजते व त्यावर सुरकुत्याही सहज पडतात. नित्य वापरासाठी सर्वांत मोठा आकडा हा सर्वोत्तम असतोच असे नाही.

मापे

माप देताना सूटसोबत वापरावयाचा शर्ट व बूट घातलेले असावेत. कोटासाठी छाती, कंबर, सीट, खांदा, पाठ, बाही व उंची ही मापे घेतली जातात. पँटसाठी कंबर, सीट, मांडी, गुडघा, मोहरी, आसन व लांबी मोजतात. टेपने न कळणाऱ्या गोष्टीही कुशल शिंपी टिपून ठेवतो. एक खांदा खाली असणे, खांदे उतरते असणे, पाठीला पोक असणे किंवा पोट पुढे आलेले असणे या त्यांपैकी होत. माप देताना पोट आत ओढणे किंवा छाती फुगवून उभे राहणे यांमुळे आराखडाच चुकतो.

ट्रायल

पहिल्या ट्रायलला कोट कच्च्या टाक्यांनी जोडलेला असतो. त्याला खिसे नसतात आणि अनेकदा बाह्याही पक्क्या बसवलेल्या नसतात. कोट अपुरा दिसत असला तरी मोठे बदल करण्याची हीच वेळ असते. पुढील ट्रायलमध्ये बाह्या, लेपल व लांबी तपासली जाते. कोट घालून नैसर्गिकपणे उभे राहणे, बसणे आणि हात पुढे नेणे या तिन्ही स्थितींत परीक्षा करतात. पुढील लक्षणे विशेष पाहिली जातात.

• कॉलर मानेपासून सुटणे : तोल किंवा खांद्याचा उतार चुकलेला असतो.
• कॉलरखाली पाठीवर आडवी वळी पडणे : खांद्याचा उतार शरीराहून अधिक असतो.
• बटण लावल्यावर फुलीच्या आकाराच्या ताणरेषा दिसणे : कोट कंबरेत तंग असतो.
• पाठीवर उभ्या चुण्या पडणे : पाठ सैल असते.
• हात सहज सोडल्यावर बाहीवर तिरक्या चुण्या येणे : बाही हाताच्या नैसर्गिक कलानुसार बसवलेली नसते.

बाहीखालून शर्टचा कफ साधारण एक सेंटिमीटर दिसावा असा संकेत आहे. मुंढा सैल ठेवल्याने हात मोकळा राहतो ही समजूत बरोबर नाही. मुंढा काखेजवळ असल्यास हात उचलताना कोट जागेवर राहतो, तर खोल मुंढ्यामुळे सगळा कोटच वर ओढला जातो.

दुरुस्तीच्या मर्यादा

कोटाची कंबर, बाहीची लांबी तसेच पँटची कंबर व उंची यांत नंतरही बदल करता येतो. शिवणीत पुरेशी माया असल्यास कोट काही प्रमाणात सैल करता येतो. वजन वाढल्यावर ही माया उपयोगी पडते. याउलट खांद्याची रुंदी बदलण्यासाठी बाह्या व कॉलर उसवून कोट जवळजवळ नव्याने जोडावा लागतो. खोल कापलेला मुंढा वर घेता येत नाही. कोटाची उंची कमी केल्यास खिसे व बटणे यांचे प्रमाण बिघडते. बाहीवर काजे कापल्यानंतर लांबी बदलणेही अवघड होते. म्हणून खांद्याविषयीची शंका पहिल्याच ट्रायलला सांगणे आवश्यक असते. 'इस्त्रीनंतर बसेल' हे उत्तर किरकोळ सुरकुत्यांपुरतेच खरे असते.

आराखड्याचे जतन

पहिल्या सूटच्या वेळी झालेल्या दुरुस्त्या चांगला शिंपी कागदी आराखड्यावर उतरवून ठेवतो. त्यामुळे दुसऱ्या सूटला कमी ट्रायल लागतात व तो बहुधा पहिल्याहून चांगला बसतो. सॅव्हिल रोवरील पेढ्यांत ग्राहकांचे आराखडे वर्षानुवर्षे जपले जातात आणि शरीर बदलेल तसे ते सुधारले जातात. मापांच्या वहीत केवळ आकडे लिहिले जातात, तेथे ट्रायलमध्ये कळलेले बारकावे नोंदले जात नाहीत आणि पुढील सूटच्या वेळी त्याच दुरुस्त्या पुन्हा कराव्या लागतात.