विडा कुणाचा, बिडी कुणाची?

पुस्तकी मराठीत 'विडी' लिहितात. आम्ही गोंदियाकडचे लोक 'बिडी' म्हणतो. पण हा शब्द आला कुठून? अनेकांना वाटते, बिडी म्हणजे तंबाखू. हे चूक आहे.

'तंबाखू' हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला, तोही मूळचा अमेरिका खंडाकडचा. 'बिडी' मात्र इथलीच. संस्कृत 'वीटिका' म्हणजे गुंडाळलेले पान. त्यातून विडा आणि विडी हे शब्द आले. हिंदीच्या शेजारात 'व'चा 'ब' झाला. म्हणजे या शब्दाच्या अर्थात तंबाखू नाहीच. आहे ते पान, आणि ते वळणारा हात.

आता भेद बघा. विडा दरबारात, लग्नात, पूजेत मानाने दिला जाई. मोठे काम अंगावर घेणारा 'विडा उचलतो'. ज्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्यांच्या हातचा विडा कोण घेणार? पण कारखानदाराला त्याच हातांनी वळलेली बिडी चालली! बाजारात विकताना विटाळ आडवा आला नाही.

आपल्या जंगलात तेंदूपत्ता मुबलक, त्यात रेल्वे आली. म्हणून हा धंदा गोंदिया, भंडारा, कामठी भागात फोफावला. उन्हाळ्यात पत्ता तोडायचा, भिजवायचा, कापायचा, जर्दा भरून वळायचा, दोरा बांधायचा. मजुरी हजार बिड्यांवर. त्यातही ठेकेदार 'छाट' म्हणून बिड्या बाजूला काढणार आणि त्यांचे पैसे कापणार.

याच रेल्वेमार्गावरच्या कामठीत बाबू हरदास एल. एन. (1904-1939) यांनी बिडी कामगारांना संघटित केले, सहकारी तत्त्वावर बिडीचे काम सुरू केले. 1937 मध्ये ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात निवडून गेले. 'जय भीम' हे अभिवादन रुजवणारे ते हेच. म्हणजे आपला 'जय भीम' बिडी कामगारांच्या वस्तीत वाढला आहे, हे किती तरुणांना माहीत आहे?

1966 च्या कायद्याने घरी बसून बिड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार मानले. पण नोंद आणि ओळखपत्र नसेल तर तो कायदा तिच्या दारापर्यंत येत नसे.

बिडी ओढा, असे आम्ही म्हणत नाही. ती फुप्फुस जाळते, वळणाऱ्याच्याही छातीत जर्द्याची धूळ जाते. आम्ही एवढेच म्हणतो की शब्दाचा इतिहास शब्दकोशात संपत नाही. आपल्या आजीला विचारा, दिवसाला किती बिड्या वळायचीस आणि छाट किती निघायची? ते लिहून ठेवा. हा विडा आता आपणच उचलायचा आहे.

जय भीम!